पंधराव्या फेरीचा रविवार

आमच्या घरच्या ट्रकचं मीटर कधी चाललंच नाही. गाडी दारात आली तेव्हाच त्याचे आकडे अडकलेले होते आणि ते सोडवायला कोणी खर्च केला नाही. तरी ऑईल बदलायची वेळ चुकल्याचं आठवत नाही, कारण तो हिशेब मोठीआईकडे, म्हणजे थोरल्या काकूकडे, होता. स्वयंपाकघराच्या दाराआड, कोनाड्याखाली ती गेरूनं रेघा ओढायची. गाडी जबलपूरला जाऊन आली की एक रेघ, पाचवी आडवी. तीन जुड्या भरल्या की जेवायला वाढता वाढता मोठेबाबांना एवढंच म्हणायची, “पंधरा झाल्या बरं.”

कामठी-जबलपूर जाऊन-येऊन पाचशेच्या वर किलोमीटर. पंधरा फेऱ्या म्हणजे आठ हजार, थोडं इकडेतिकडे. मधे कधी मनसरकडून मँगनीजची किंवा कन्हानच्या रेतीची एखादी खेप व्हायची, तिची मोठीआई अर्धी रेघ धरायची. रेतीचा पल्ला चार-सहा कोसांचा, मग अर्धी रेघ कशी, असं दादानं एकदा विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही; आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, दिलं. “बाई बरोबर करते. नदीच्या पात्रात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हते, वरून धूळ खाते. इंजिनला तो पल्ला लांबच लागते.”

त्या घरात आम्ही चौघं वाढलो: दादा, ताई, मी आणि धाकटा. पोरं दोन भावांची, पण ताटं मांडताना कोणी वेगळी मोजली नाहीत. आणि ‘गाडी’ म्हटलं की ती एकच, टाटा १२१०, सहा चाकी, लांब नाकाची. १९८१ साली आली तेव्हा तिसऱ्या हातची होती. आकड्यांचा अर्थ आबाजी आल्यागेल्या पाहुण्यांनाही सांगायचे, की पुढचे दोन आकडे टनांचे, मागचे घोड्यांचे; बारा टन वजन आणि शंभरावर घोडे. टाटांच्या टेल्कोनं डायमलर-बेंझशी करार करून १९५४ पासून जमशेदपूरला ट्रक काढले तेव्हा नाकावर तीन पाकळ्यांचा तारा असायचा. १९६९ ला करार संपला आणि ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला. आबाजींना ती गोष्ट घरातलं कोणी आडनाव बदलल्यासारखी लागलेली होती. “इंजिन तेच हाय, बिल्ला बदलला,” हे वाक्य आम्ही चौघंही त्यांच्या आवाजात म्हणून दाखवू शकतो.

आबाजी फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. जबलपूरला बनणारा शक्तिमान, म्हणजे जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावरचा तो अवजड ट्रक, त्यांनी नटानटानं ओळखला होता. निवृत्त होऊन कामठीलाच राहिले. कामठी तशी छावणीचीच वस्ती, १८२१ ची. इथं फौजेतून निवृत्त होणं म्हणजे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत येणं. फौजेत गाड्यांची मेंटेनन्स परेड असते. गाडी बिघडो न बिघडो, ठरल्या दिवशी तिच्याखाली शिरायचं. ती परेड त्यांनी घरी आणली. नागपूरच्या रस्त्यावर ऑटोमोटिव्ह चौकात सर्व्हिसिंग करून देणारे पुष्कळ होते, आणि गल्लीतले बाकी गाडीवाले तिकडेच जायचे. पैसे वाचतात म्हणून आम्ही घरी करतो, असं त्यांना वाटायचं. वाचायचेही. पण आबाजींचं म्हणणं वेगळं होतं: दुसरा माणूस ऑईल बदलून देईल, जुनं ऑईल कसं होतं ते नाही सांगणार.

रविवारी सकाळी गाडी आधी कन्हानच्या पुलापर्यंत जाऊन यायची. ड्रायव्हर चाचा तिला फिरवून आणायचे आणि क्लीनरच्या जागेवर आम्ही दाटीवाटीनं बसायचो. हा फेरफटका लाडाचा नव्हता. ऑईल गरम असेल तर पातळ होतं, आणि डिझेलची काजळी त्यात तरंगती असते तोवरच ते तिला घेऊन बाहेर पडतं. गार झाल्यावर नट खोलला तर ऑईल येतं, घाण चेंबरच्या तळाशी बसून राहते. परत आल्यावर गाडी अंगणात लिंबाखाली उभी व्हायची, चाकांना दगड लागायचे आणि गोणपाटावर एक जुनी सतरंजी पसरली जायची. सतरंजीवर पाने नंबरवारीनं मांडायचे. जे खोललं ते खोलल्याच क्रमानं तिच्यावर ठेवायचं, आणि काम संपल्यावर तिच्यावर एकही वस्तू उरता कामा नये.

चेंबरचा नट सुटला की पहिली धार काळी, जाड, वाफाळती यायची. तिच्याखाली घमेलं आणि घमेल्याच्या बाजूला आजीचा एक फुटक्या कानाचा गंज. गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. पुण्याच्या वहिनीला हे कळायला दोन वर्षं लागली. तो गंज आजीनं कधी दिलाच नव्हता. “काऊन रे, माह्या गंजाचं काय करून राहिले?” हे ती दर पंधराव्या फेरीला विचारायची आणि दर वेळी तो पुन्हा राखेनं घासून वेगळा ठेवायची, म्हणजे एका अर्थानं दिलेलाच होता.

मग आबाजी धारेतलं थोडं ऑईल बोटांवर घ्यायचे आणि अंगठ्यानं चोळायचे. डोळे मिटून. आम्हीही चोळायचो, आम्हाला फक्त गरम लागायचं. हळूहळू कळत गेलं. काळं असणं हा ऑईलचा दोष नव्हे. डिझेल इंजिनात नवं ऑईल दुसऱ्या दिवशी काळं होतं, कारण काजळी उचलून धरणं हेच तर त्याचं काम. वाईट ते निराळं असतं. बोटाला खरखर लागली तर धूळ आत जाते आहे, एअर क्लीनर पाहा. डिझेलचा वास आला आणि चिकटपणा गेला तर नोझल गळतं आहे. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणी मिसळलं, हेडचं गॅस्केट गेलं. आणि उन्हात धरल्यावर सोनेरी चकाकी दिसली तर कोणी काही बोलायचं नाही, कारण ते बेरिंग असायचं आणि बेरिंग म्हणजे त्या वर्षीची दिवाळी. चकाकी आम्ही एकदाच पाहिली. मोठेबाबा घमेल्याकडे बराच वेळ पाहत उभे राहिले, मग हात न धुताच आत जाऊन मोठीआईशी काहीतरी बोलले. त्या दिवाळीत कपडे नव्हते; फटाके मात्र आबाजींनी आणले.

नटाखाली तांब्याचा वायसर असतो. दाबून दाबून तांबं कडक होतं आणि मग ते नीट बसत नाही, थेंब सुटतो. नवा वायसर काही महाग नव्हता, पण आबाजी जुनाच पुन्हा कामात आणायचे. तो चिमट्यात धरून आजीच्या चुलीत लालभडक करायचा आणि पाण्यात टाकायचा. पोलाद असं केलं तर टणक होतं, तांबं मऊ होतं. हा उलटा न्याय आम्हाला शाळेत कोणी शिकवला नाही. वायसर पाण्यात पडताना होणारा ‘चुस्स’ आवाज धाकट्याच्या वाट्याचा होता. ते काम दुसऱ्या कोणी केलं तर तो रडायचा. आजीचं म्हणणं एवढंच, की भाकरी होऊ द्या आधी.

कामं अशीच वाटली गेली होती, कोणी वाटली नव्हती. दादाकडे ऑईल फिल्टर. तेव्हाचा फिल्टर आजच्यासारखा आख्खा डबा फिरवून फेकायचा नव्हता. लोखंडी वाटी, तिच्यात कागदी एलिमेंट, मधोमध लांब बोल्ट आणि वर खाचेत रबरी रिंग. वाटी डिझेलनं धुवायची, एलिमेंट बदलायचं, रिंग बदलायची. एका रविवारी दादानं नवी रिंग बसवली आणि जुनी खाचेतच राहिली. काळ्यावर काळी, दिसली नाही. चाचांनी इंजिन लावलं आणि क्षणभरानं वाटीच्या काठानं नवं कोरं ऑईल असं उसळलं की चाचा इंजिन बंद करेपर्यंत अंगण चमकत होतं. सर्वोचा डबा महिन्याच्या हिशेबातला. आजीची तुळस, सतरंजी, दादाचा शाळेचा सदरा, सगळं न्हालं. आम्ही माराची वाट पाहत उभे. आबाजींनी खाचेतून दोन रिंगा काढल्या, जुनी दादाच्या मनगटात बांगडीसारखी घातली आणि म्हणाले, “आता नवी बसव.” तेव्हापासून घरचा नियम झाला, की जुनी रिंग दादाच्या हातात दिसल्याशिवाय नवी पुडीतून बाहेर काढायची नाही. दादा आज पुण्यात सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि प्लंबरकडून जुना वायसर हातात घेतल्याशिवाय त्याला नवा लावू देत नाही, असं वहिनी सांगते.

डिझेलचं काम दुपारचं. त्याआधी सगळ्यांनी न्हाणीत जाऊन हात धुवायचे, साबणानं, कोपरापर्यंत. हे आम्हाला पटायचं नाही. पुन्हा घाणीतच हात घालायचे तर धुवायचे कशाला? चाचा समजवायचे, “बेटा, ऑईल के काम में हात बाद में धोते, डिझेल के काम में पयले धोते.” इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या आतला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधली जागा केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. तिथं डिझेल हेच वंगण. धुळीचा एक कण गेला तरी ओरखडा, आणि पंप तर मायकोचा, बंगळूरहून आलेला, घरातली सगळ्यात महाग वस्तू. आमच्या सायकली, आजीच्या पाटल्या, रेडिओ, सगळं त्याच्यानंतर.

डिझेलचे फिल्टर दोन, शेजारी शेजारी. पहिला जाड कापडाचा, गाळ अडवणारा. दुसरा बारीक कागदाचा. जुना कागद आबाजी फेकू द्यायचे नाहीत. चाकूनं चिरून त्याच्या घड्या पत्र्यावर उलगडायच्या. वहीच्या पानासारख्या त्या पसरल्या की पंधरा फेऱ्यांत कुठल्या पंपावर काय भरलं ते दिसायचं: लालसर गाळ, गंजाचे पापुद्रे, कधी शेवाळासारखा चिकट थर. एका मोठ्या रस्त्यावरच्या पंपाचं डिझेल आम्ही या कागदावरून सोडलं.

फिल्टर बदलला की पाइपांत हवा शिरते आणि हवा शिरली की डिझेल इंजिन ढिम्म. पेट्रोलवाल्याला हे दुःख ठाऊक नाही. पंपाच्या कुशीत एक बोटभर उंचीचा हातपंप असतो; त्याची टोपी फिरवून सोडवायची आणि वरखाली दाबत राहायचं. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल. तिथून आधी नुसती फुसफुस, मग दूध उतू जावं तसा फेस, मग फेसात तुटक तुटक डिझेल, आणि शेवटी सलग, काचेसारखी धार. ती आली की पंप दाबलेलाच ठेवून स्क्रू आवळायचा. क्षणभर आधी आवळला तर एक बुडबुडा आत राहतो आणि तेवढा एक पुरतो.

पंप मी दाबायचो, मोठ्यानं मोजत. स्क्रू ताईकडे होता, कारण बॉनेटच्या त्या कोपऱ्यात, पाइपांच्या मागे, तिचाच हात जायचा. ती नऊ-दहा वर्षांची असताना हे काम तिच्याकडे आलं आणि हात मोठा झाल्यावरही राहिलं. तिला धार दिसायची नाही. डिझेल बोटांवरून वाहताना तिला कळायचं. “अजून हाय... अजून... आता.” बहुतेक वेळा बत्तीस-तेहेतीसला पंप हाताला कडक लागायचा. गल्लीतल्या बायका आजीला विचारायच्या, पोरीला कायले असल्या कामात घालता. आजी म्हणायची, तिच्याच हातानं गाडी चालू होते, काय करता.

हे अंगणात ठीक. १९८७ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई आणि मी जबलपूरच्या फेरीला गेलो होतो. संत्र्याचा मृग बहार संपत आला होता. शेवटचा माल घेऊन गाडी मनसर, देवलापार करत रात्री खवासा ओलांडून गेली आणि कुरईच्या घाटात चढावर धाप लागल्यासारखी झाली. दोन हिसके, मग बंद. सिवनीचं ते जंगल. किपलिंगनं मोगलीची गोष्ट याच मुलखात घातली आहे, हे आम्हाला पुढे कॉलेजात कळलं. त्या रात्री तिथं फक्त काळोख होता आणि संत्र्यांचा वास. चाचांनी बॅटरी धरली. गाळाच्या फिल्टरखालचा नट सोडला तर आधी पाणीच आलं, पाऊण पेला तरी असेल. कुठल्यातरी पंपानं घातलेलं. चाचांनी वाटी पुसली, टाकीखालचा नट खोलून पाणी जाऊ दिलं आणि मग ताईकडे पाहिलं. तिनं फ्रॉकची बाही वर केली. माझी मोजणी त्या रात्री साठच्या पुढे गेली. “अजून हाय,” एवढंच ती म्हणत होती, आणि मी भीतीनं आकडे चुकवत होतो. फिल्टरवरची हवा गेली, पंपावरची गेली, तरी इंजिन पकडेना, तेव्हा चाचांनी नोझलच्या पाइपांचे नट एकेक सैल करून सेल्फ मारला. तिसऱ्या पाइपातून डिझेलची पिचकारी उडाली आणि गाडी एका सिलिंडरवर, मग तिनांवर, मग सहांवर, खोकत खोकत लागली. चाचांनी ताईच्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. सिवनीला पोचेपर्यंत ती झोपली होती, आणि तिच्या केसांना पुढे आठवडाभर डिझेलचा वास होता.

जळकं ऑईल टाकून देत नसत. त्यातलं बरंचसं दारांना जायचं. दिवाळीच्या आधी आजी चिंधी बुडवून सागाच्या चौकटींना, आढ्याला, खाटेच्या पायांना ऑईल पाजायची. वाळवी जवळ येत नसे. थोडं गाडीच्या पाट्यांना. थोडं शेजारच्या ठेकेदाराला, तो स्लॅबच्या फळ्यांना लावायचा म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. आणि उरलंसुरलं, खोटं कशाला सांगू, वाटी धुतलेल्या डिझेलसकट नालीत जायचं. आणि नालीचं पाणी उतारानं कुठे जातं ते आम्हाला ठाऊक होतं. कन्हानच्याच काठचे आम्ही. जुनं ऑईल हा घातक कचरा आहे, तो नोंदणी असलेल्या माणसाकडेच द्यायचा, असा नियम आता कागदावर पक्का आहे. आम्हाला तेव्हा दारापुरतं शहाणपण होतं, नालीपुरतं नव्हतं.

दर आठ हजारांना ऑईल बदलणं हा आबाजींचा फौजी हट्ट आहे, असं बाबांना शेवटपर्यंत वाटलं. तो हट्ट नव्हता. त्या काळच्या डिझेलमध्ये गंधक आजच्या शेकडो पट असायचं. जळताना त्याचं आम्ल व्हायचं आणि ते ऑईलमध्ये उतरायचं. ऑईलमधला क्षार त्याला काही दिवस पुरा पडायचा, मग नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर जे बीएस-६ डिझेल मिळतं त्यात गंधक दहा लाख भागांत दहा. म्हणून आता काही गाड्यांना ऑईल लाखाच्या घरात किलोमीटर चालतं. आबाजींना ही आकडेवारी ठाऊक नव्हती. त्यांना वास ठाऊक होता.

१२१० आम्ही १९९४ ला विकली. मोठेबाबांच्या नातवाकडे आता बारा चाकी आहे, कोराडी-खापरखेड्याकडे कोळसा ओढते. तिला यूरियाचं पाणी लागतं, काचेवर दिवा लागतो, आणि दिवा लागला की कंपनीचा पोऱ्या लॅपटॉप घेऊन येतो. मला यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. त्या पोऱ्याला जे दिसतं ते आबाजींच्या चिमटीला दिसलं नसतं. मागच्या वर्षी मात्र गंमत झाली. डिझेलचा फिल्टर नातवानं घरीच बदलायला घेतला आणि गाडी लागेना. ऐंशीच्या घरातले मोठेबाबा पाना घेऊन नोझलच्या पाइपाकडे निघाले. नातू ओरडलाच. कॉमन रेलमध्ये दाब हजार-दीड हजार बारच्या वर. सेल्फ मारताना तो नट सैल केला तर डिझेलची धार सुईसारखी कातडीत घुसते, हात जातो. मोठेबाबा थांबले. मग फिल्टरच्या डोक्यावर काळ्या प्लॅस्टिकचं एक बटण होतं, ते त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. दबलं. पुन्हा दाबलं. “हा तर हातपंपच हाय बे,” ते म्हणाले आणि खुर्ची मागवली. आम्हा चौघांच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला तेव्हा भंडाऱ्याहून ताईचा पहिला प्रश्न होता, कितीला कडक झाला? नातवानं मोजलं नव्हतं.

जुनं घर दोन वर्षांपूर्वी पाडलं. लाकूड घ्यायला आलेल्या माणसानं चौकटीवर हातोडी वाजवली, नखानं खरवडून वास घेतला, आणि कीड नाही हे पाहूनही भाव पाडून मागितला. म्हणे, ऑईल मुरलेल्या लाकडाला पॉलिश चढत नाही. मोठीआई हटली नाही. बाकी सगळं त्याला दिलं, स्वयंपाकघराची चौकट ठेवून घेतली. पुण्याच्या फ्लॅटात ती बसत नाही, ताईच्या घराला लोखंडी आहेत. सध्या ती गाडीच्या शेडमध्ये भिंतीला टेकून आहे, आणि पावसाळ्यात तिच्याखालची फरशी काळी होते म्हणून नातवाची बायको तिथं पोतं टाकते.